शोकेसमधली जपानी फुलदाणी खरंच जुनी आहे का, कसं पाहायचं

नागपूरच्या महाल भागात आमच्या आत्याच्या घरी शोकेसमधे एक क्रीम कलरची फुलदाणी आहे, सोनेरी बगळेवाली, आणि घरात सगळे तिला "चायनाची" म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात उलटी करून पाहिली तर जपानी निघाली. म्हणून सांगून राहिलो, तुमच्याकडे असली तर आधी बूड पाहा. खाली जाड टॉवेल अंथरा आणि कान धरून उचलू नका, ते वेगळे करून जोडलेले असतात.

बुडाला इंग्रजीत "निप्पॉन" (जपानचंच जपानी नाव) असेल तर माल साधारण १८९१ ते १९२१ मधला, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती केली होती, मग १९२१ ला म्हणाले निप्पॉन नको, "जपान" लिहा. "ऑक्युपाइड जपान" म्हणजे १९४५ ते ५२. पण निप्पॉनचे नकली शिक्के पण खूप फिरतात, त्यामुळे एवढ्यावर उड्या मारू नका.

गोलात क्रॉस दिसला की लोक लगेच सात्सुमा म्हणतात, म्हणजे जपानच्या सात्सुमा प्रांताच्या नावाची क्रीम रंगाची, सोनेरी नक्षीची भांडी. ते तिथल्या सरदारांचं, शिमाझु घराण्याचं चिन्ह आहे खरं, पण ते निर्यातीच्या मालावर सर्रास काढायचे. मी तर "रॉयल सात्सुमा" वाचून एक बाराशेला घेतली न बे, ती आत्ताआत्ताची चायनीज निघाली!

खरी परीक्षा भिंगाने. चित्रात सारखे बारीक ठिपके दिसले तर छापील, ब्रशची रेघ कुठे जाड कुठे पातळ असते. ओसाकाचा याबु मेइझान (१८५३ ते १९३४) एवढी बारीक माणसं काढायचा की भिंगाशिवाय चेहरे दिसत नाहीत. सात्सुमा मातीचं, वर केसासारख्या भेगांची जाळी, टिचकी मारली की ठक्क. जपानच्याच आरिता गावचं पोर्सेलिन (पांढरी चिनी माती) टण्ण वाजतं, आणि पातळ असेल तर मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार येतो. जाळी एकसारखी चहाच्या रंगाची दिसली तर मात्र सावध, मुद्दाम जुनं दिसावं म्हणून रंगवतात.

आणि धुवायचं कसं? सात्सुमा पाण्यात बुडवायचंच नाही, भेगांतून पाणी आत जाऊन डाग पडतात. मऊ ब्रशने धूळ झटका, फार तर ओलसर कपडा. भांड्याची पावडर, लिंबू, घासणी बंद, सोनं वरवरचं असतं. आत्याच्या एका बाजूच्या बगळ्यांचे पंख तसेच गेले, दर दिवाळीला घासून घासून.