परिषदेच्या प्रतिनिधींसाठी अभ्यास-सहल: आखणी परतीच्या वेळेपासून करा

परिषदेला आलेला प्रतिनिधी हौशी पर्यटकापेक्षा वेगळा असतो. तो दोन-तीन दिवस बंद सभागृहात बसून भाषणे ऐकतोय, प्रवासाचा शीण अंगात आहे, आणि स्वतःच्या विषयात तो जाणकार आहे. त्याला बाहेर नेऊन पुन्हा व्याख्यान ऐकवले, तर सहल फसली म्हणून समजा. पाच ठिकाणे धावत दाखवण्यापेक्षा एकच ठिकाण नीट दाखवावे, आणि तिथे त्याला प्रश्न विचारायला, रेंगाळायला वेळ मिळावा. पुढची सगळी आखणी याच एका निर्णयावर उभी आहे.

सुरुवात परतीच्या वेळेपासून करायची. समजा, रात्री साडेसातला परिषदेचे भोजन आहे. कपडे बदलायला, हातपाय धुवायला प्रतिनिधींना तासभर हवा, म्हणजे बस साडेसहाला हॉटेलवर पोचली पाहिजे. संध्याकाळच्या गर्दीत परतीला पाऊण तास आणि वर पंधरा मिनिटे राखीव धरली, तर साडेपाचला निघावे लागेल. सगळे बसमध्ये बसून मोजणी होईपर्यंत पंधरा मिनिटे जातात, तेव्हा बघणे सव्वापाचला थांबवायचे. आता दुसऱ्या टोकाकडून या. बस अडीचला सुटली, तीन वाजून दहा मिनिटांनी पोचली, उतरायला दहा मिनिटे. मग स्वच्छतागृह: माणसे चाळीस, जागा चार आणि माणशी दोन मिनिटे धरली तरी वीस मिनिटे होतात. महिलांची रांग बहुधा याहून लांब असते. प्रत्यक्ष बघायला उरली पंच्याण्णव मिनिटे! कागदावरच्या चार तासांच्या सहलीचा खरा जीव एवढाच असतो. त्यात तासभर मार्गदर्शकासोबत, वीस-पंचवीस मिनिटे मोकळी आणि दहा मिनिटे हाताशी, असे एकच ठिकाण बसते. दुसरे ठिकाण कोंबले की पहिली कात्री मोकळ्या वेळेला लागते, आणि तोच वेळ लोकांना सर्वांत जास्त हवा असतो.

नोंदणीच्या अर्जात नावाबरोबर काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात: सलग किती वेळ चालता-उभे राहता येते, पायऱ्या चढता येतात का, चाकाची खुर्ची लागते का, कोणत्या भाषेत ऐकायला सोपे जाईल, खाण्याचे पथ्य किंवा अ‍ॅलर्जी आहे का, आणि अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. ‘काही विशेष गरज?’ असा मोघम रकाना बहुतेक लोक रिकामा सोडतात. त्याऐवजी ‘या सहलीत दीड किलोमीटर चालणे आणि साठ पायऱ्या आहेत, बसायला वाटेत दोनच जागा आहेत’ असे आधी स्पष्ट लिहा. मग लोक स्वतःच योग्य निर्णय घेतात.

सहल फुकट असली की नावे भराभर येतात आणि ऐन वेळी माणसे येत नाहीत. परत मिळणारी छोटी अनामत घ्या, किंवा प्रतीक्षा यादी ठेवा आणि बस सुटण्यापूर्वी पाच मिनिटे रिकाम्या जागा यादीतल्यांना द्या. हा नियम नोंदणीच्या वेळीच सांगितला की दारात वाद होत नाही. पंचेचाळीस आसनांच्या बसमध्ये चाळीसच प्रतिनिधी घ्यावेत. मार्गदर्शक, स्वयंसेवक, पाण्याचे खोके आणि प्रथमोपचार पेटी यांनाही जागा लागते.

पूर्वपाहणी त्याच वारी, त्याच वेळी करा. मंगळवारी सकाळी शांत दिसलेली जागा शनिवारी दुपारी ओळखू येत नाही. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि उघडी असली तरी एखादे दालन दुरुस्तीसाठी बंद किंवा मुख्य वस्तू दुसरीकडे प्रदर्शनाला गेलेली असू शकते. हे लेखी विचारून घ्यावे. बस दारापर्यंत जाते का, वळते कुठे, थांबते कुठे, हे चालकाला सोबत नेऊनच ठरवा. पायऱ्या मोजा, रॅम्पचे दार कुलूपबंद तर नसते ना ते पाहा, किल्ली कुणाकडे असते ते विचारा. उघड्यावर थांबायच्या जागा ठरवताना त्या वेळी ऊन कुठून येते ते बघा. मार्गदर्शकाने सूर्याकडे तोंड करावे, गटाने नव्हे.

संग्रहालयातल्या एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. जुने कागद आणि कापड प्रकाशाने खराब होतात, म्हणून त्यांच्या दालनात प्रकाश साधारण पन्नास लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका मंद ठेवतात. उन्हातून थेट आत आलेल्या माणसाला काही मिनिटे नीट दिसत नाही. उंबऱ्यावर ठेच लागते ती तिथेच. प्रास्ताविक बाहेरच्या सावलीच्या दालनात करा, तेवढ्यात डोळे सरावतात. फ्लॅश का नको, हेही त्याच वेळी कारणासह सांगावे. कारण कळले की लोक सहज पाळतात.

एका मार्गदर्शकामागे वीस माणसे बरी, पंचवीसच्या पुढे मागच्यांना ना दिसते ना ऐकू येते. चाळीस जणांचे दोन गट करा आणि त्यांना उलट क्रमाने फिरवा, म्हणजे एकाच दालनात ते एकमेकांवर आदळणार नाहीत. प्रत्येक गटाच्या शेपटाला एक स्वयंसेवक हवाच. वीस जणांची एकेरी रांग वीस-पंचवीस मीटर लांब होते, त्यामुळे मार्गदर्शक पोचल्या पोचल्या बोलू लागला तर शेवटच्यांचे पहिले वाक्य कायम हुकते. शेपटावरच्या स्वयंसेवकाने हात वर केल्याशिवाय बोलणे सुरू करायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

गोंगाटाच्या जागी माईक-रिसीव्हरचा संच घ्यावा. माणशी एक आणि वर दहा टक्के जादा रिसीव्हर, आदल्या रात्री चार्ज केलेले, प्रत्येक गटाला वेगळे चॅनल. जाड भिंतींआड आवाज तुटतो, म्हणून चाचणी जागेवरच करावी. रिसीव्हरला क्रमांक द्या, नावापुढे लिहा आणि बसमध्ये चढण्यापूर्वी परत घ्या. नंतर मागितलेले खिशातून विमानतळावर जातात. दुभाषा मार्गदर्शकानंतर थांबून थांबून बोलणार असेल, तर वेळ जवळजवळ दुप्पट धरून मजकूर निम्मा करा. सोबतच कुजबुजत भाषांतर करणारा माणूस अर्ध्या तासात थकतो, तेव्हा आलटून पालटून बोलायला दोघे लागतात.

मार्गदर्शकाची तयारी हा सगळ्यांत मोलाचा भाग, आणि त्यालाच आयोजक सर्वांत कमी वेळ देतात. आठवडाभर आधी त्याला परिषदेचा विषय, प्रतिनिधींचे देश आणि सत्रांची यादी द्या. जलतज्ज्ञ एखाद्या जुन्या वास्तूत गेले की राजवंशांपेक्षा पाणी कुठून यायचे हे विचारतात; डॉक्टर विचारतात की आजारी माणसाला कुठे ठेवत. माहिती देणे म्हणजे उलगडून दाखवणे नव्हे, आणि समोरच्याच्या अनुभवाशी न जुळलेले बोलणे वांझ ठरते, असे अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या अनुभवावरून १९५७ मध्ये मांडले. जाणकार श्रोत्यांपुढे ते अधिकच खरे ठरते. म्हणून थांबे सहा-सातच ठेवा, प्रत्येक थांब्यावर पाच-सहा मिनिटे बोला, आणि आधी बघायला लावून मग सांगा.

मार्गदर्शकाकडून एका शिस्तीचा आग्रह धराच. कशाला लेखी किंवा उत्खननाचा पुरावा आहे, कुठला अभ्यासकांचा अंदाज आहे आणि कुठली लोकपरंपरा आहे, हे प्रत्येक वेळी वेगळे सांगायचे. दंतकथा जरूर सांगाव्यात, पण दंतकथा म्हणूनच. वादग्रस्त इतिहासात दोन्ही बाजू मांडाव्यात, स्वतःचा निकाल देऊ नये. उत्तर येत नसेल तर प्रश्न लिहून घ्यावा आणि संध्याकाळपर्यंत उत्तर कळवावे. संशोधकांना याचा राग येत नाही; ठोकून दिलेले उत्तर मात्र ते लगेच ओळखतात, आणि मग पुढच्या कशावरच विश्वास ठेवत नाहीत.

प्रयोगशाळा, रुग्णालय किंवा कारखाना बघायचा असेल, तर ओळखपत्रावरचे नेमके नाव आणि परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट तपशील सुरक्षा विभागाला वेळेवर द्यावे लागतात. टोपणनावाने नोंदणी केलेला माणूस फाटकावर अडकतो आणि त्याच्यामुळे सगळी बस. बंद बूट लागतात का, फोटो चालतात का, हे आदल्या दिवशीच्या संदेशात घाला. प्रार्थनास्थळी पोशाख, पादत्राणे आणि प्रार्थनेच्या वेळा आधी कळवाव्यात. तिथे प्रार्थनेला आलेली माणसे हा देखावा नव्हे. त्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि बोलायचे ते बाहेर आल्यावर.

मोजणी बसमध्ये चढताना, उतरल्यावर आणि परत चढल्यावर, अशी तीनदा करा. डोकी मोजा आणि यादीही वाचा. नुसत्या डोक्यांच्या मोजणीत दुसऱ्या बसमधला माणूस खपून जातो आणि आपला मागे राहतो. आपल्या मर्जीने परस्पर जाणाऱ्याने स्वयंसेवकाला सांगून नावापुढे सही करावी. उशीर करणाऱ्यासाठी किती थांबायचे, तेही आधी ठरवून जाहीर करा. दहा मिनिटे पुरेत, त्यानंतर त्याला फोन करून परतीची सोय सांगायची आणि निघायचे.

हॉटेलवर सगळे उतरले तरी बस सोडू नका. स्वयंसेवकाने प्रत्येक आसन, वरचा कप्पा आणि आसनाखाली बघावे. चष्मे, छत्र्या आणि परिषदेची ओळखपत्रे तिथेच सापडतात.