सुनपातीचं तेल: दोन थेंब पुरे

खानापूरकडं भातलावणीत दिवसभर वाकलं की रात्री पोटऱ्या भरून येतात. त्यावर चोळायला सुनपातीचं तेल बरं. हिमालयात ३००० मीटरच्या वर वाढणारं हे बुटकं झुडूप. त्याच्या पाल्याफुलांतून वाफेनं तेल काढतात. त्यात पायनीन आणि लिमोनीन ही वासाची द्रव्यं असतात, म्हणून झाकण उघडताच तारपीन नि लिंबाच्या सालीसारखा वास येतो. नुसतं कधीच लावू नका. दोन चमचे, म्हणजे १० मिली खोबरेलात दोन थेंब. बेळगावच्या थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा तिळाचं घ्या. आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा. गरोदर बाई, लहान पोर असेल तर नकोच. बाटली खिडकीत ठेवू नका. उन्हावाऱ्यानं जुनं झालेलं तेल कातडीला झोंबतं.