शुगर असेल तर ताट कुठनं सुरू करायचं

मटणाचं ताट आलं की आपण कोल्हापूरकर आधी भाकरी मोडून तांबड्यात बुडवतो, शुगर असेल तर तिथंच जरा थांबायचं. पयला काकडी-कांदा, मग मटणाचे पीस, अन् १०-१५ मिनिटांनी भाकरी, भात सगळ्यात शेवटी (कट, म्हणजे रश्श्यावरचं तेल, मात्र बाजूला हां). प्रोटीन आतड्यात आधी पोचलं की जीएलपी-१ हार्मोन सुटतं, त्यानं पोटातलं अन्न हळूहळू पुढं सरकतं, म्हणून शुगर एकदम चढत नाही, आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायचा इशारा जातो, टाइप २ डायबेटिसमध्ये हाच इशारा कमी पडतो म्हणून ही सगळी खटपट. पहिल्या घासानंतर २ तासांनी ग्लुकोमीटरवर बघा, दोन दिवस जुन्या पद्धतीनं, दोन दिवस अशी. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच करा, नाहीतर भाकरी यायच्या आत शुगर खाली जायची.