कर्नल डिबगिंग चालू करण्याआधी मेमरीचा हिशोब कसा लावायचा

लिनक्स कर्नलमधलं (सिस्टिमच्या गाभ्यातलं) मेमरी करप्शन, म्हणजे चुकीच्या जागी लिहिल्याने मेमरी बिघडणं, शोधायचं म्हटलं की बरेच जण कॉन्फिगमधले दिसतील तेवढे डिबग ऑप्शन चालू करून टाकतात, मग छोट्या बोर्डवर सिस्टिम बूटच होत नाही, किंवा होते पण बगच गायब होतो कारण ऑब्जेक्टचे (कर्नलने वापरायला घेतलेल्या मेमरीच्या तुकड्यांचे) साइज आणि टायमिंग सगळंच बदललेलं असतं. म्हणून आधी एवढंच बघा, हे फीचर मेमरी कशाच्या हिशोबाने घेतं? एकूण रॅमच्या, दर ऑब्जेक्टमागे, की ठरलेली एकरकमी?

रॅमच्या प्रमाणात घेणारा मोठा गडी म्हणजे केसॅन (KASAN), चुकीचे मेमरी अ‍ॅक्सेस पकडणारं फीचर. जेनेरिक मोडमध्ये दर 8 बाइटमागे 1 बाइट शॅडो (कुठली मेमरी वापरता येते याची नोंद), म्हणजे 8 जीबीच्या मशीनवर 1 जीबी सरळ गेली, वर रेडझोन (ऑब्जेक्टभोवतीची राखीव जागा) आणि फ्री झालेले ऑब्जेक्ट लगेच परत न देणारं क्वारंटाइन वेगळंच. 64 बिट आर्मवर असाल तर सॉफ्टवेअर टॅग मोड घ्या, तिथे शॅडो 16 ला 1 वर येते. केएमसॅन (KMSAN, किंमत न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारा) तर जवळपास तिप्पट मेमरी मागतो, तो टेस्टच्या व्हर्च्युअल मशीनपुरताच ठेवा.

दर ऑब्जेक्टमागे खाणारं म्हणजे स्लब डिबग, कर्नलच्या छोटे ऑब्जेक्ट वाटणाऱ्या स्लब अलोकेटरची तपासणी. हे सगळ्या कॅशवर (एकाच साइजच्या ऑब्जेक्टच्या साठ्यांवर) अजिबात लावू नका, संशय ज्या कॅशवर आहे तेवढीच बूट लाइनवर द्या, उदा. slub_debug=U,kmalloc-64, मग अलोकेट आणि फ्री कोणी केलं याची नोंद फक्त तिथेच राहते. लॉकडेपचा (लॉक चुकीच्या क्रमाने घेतले का ते तपासणाऱ्या फीचरचा) खर्च मात्र पटकन दिसत नाही: स्पिनलॉक (कर्नलमधलं साधं लॉक) एरवी 4 बाइटचा, लॉकडेपमुळे तो इतका फुगतो की पेज टेबलच्या लॉकसाठीसुद्धा वेगळं अलोकेशन करावं लागतं, आणि लॉक असलेलं प्रत्येक स्ट्रक्चर वाढतं.

एकरकमी वाल्यात केफेन्स (KFENCE), मेमरीच्या चुका पकडणारं हलकं फीचर, मला सगळ्यात आवडतं. डीफॉल्ट 255 ऑब्जेक्ट, प्रत्येकी 2 पेज, म्हणजे 4 केबी पेजवर साधारण 2 एमबी, बस्स. सँपलिंगवर, म्हणजे मधूनमधून एखादंच अलोकेशन तपासून, चालतं त्यामुळे बग लगेच सापडेल असं नाही, पण प्रॉडक्शनमध्ये कायम चालू ठेवता येतं. एफट्रेसचा (कर्नलमध्ये काय चाललंय याची नोंद ठेवणाऱ्या ट्रेसरचा) बफर दर सीपीयूमागे असतो हे लक्षात ठेवा, डीफॉल्ट 1408 केबी धरले तर 64 सीपीयूवर जवळजवळ 90 एमबी. पेज ओनर (कुठलं पेज कोणी घेतलं याची नोंद ठेवणारा) बिल्डमध्ये बिनधास्त ठेवा, बूटला ऑन केल्याशिवाय तो नोंदींसाठी मेमरी घेत नाही. डिबग इन्फोमुळे फाइल मोठी होते, पण त्यातला ड्वार्फ (DWARF, डिबगरसाठीची माहिती) डेटा रॅममध्ये लोड होत नाही, त्याला घाबरायचं कारण नाही.

आता मोजायचं कसं, तर एकच मशीन, एका वेळी एकच ऑप्शन बदला आणि बूट झाल्या झाल्या मेमइन्फोमधलं (/proc/meminfo) टोटल, अव्हेलेबल आणि स्लॅब तिन्ही लिहून ठेवा. नुसतं टोटल बघून चालत नाही, कारण काही फीचर मेमरी नंतर घेतात आणि तो खर्च टोटलमध्ये दिसतच नाही. मग तुमचा नेहमीचा लोड चालवून स्लॅबचा आकडा परत बघा, दर ऑब्जेक्टवाला खर्च तिथेच वर येतो.