नासेरच्या आधीची तीस वर्षं: अरब राष्ट्रवादाचा अभ्यास कसा करावा

पुण्यातल्या शास्त्री रोडवरच्या अभ्यासिकांमधून स्पर्धा परीक्षेला इतिहास हा वैकल्पिक विषय घेतलेली मुलं माझ्याकडे येतात आणि बसायच्या आत सांगतात, "मॅडम, अरब जग म्हणजे फक्त इजिप्त. सिलॅबसमध्ये तेवढंच दिलंय." दिलंय तेवढंच, हे खरं. पण म्हणून थेट १९५२ मध्ये, इजिप्तचा राजा उलथवणाऱ्या लष्करी अधिकारी नासेरपाशी उतरायचं आणि त्याआधीची तीस वर्षं "अरबांमध्ये असंतोष होता" या एका वाक्यात उडवायची? असं उत्तर लिहू नका.

पुस्तक उघडायच्या आधी अप्पा बळवंत चौकात जा आणि पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेचे कोरे नकाशे आणा. जगाचा नकाशा घेऊ नका, त्यात पॅलेस्टाईन शोधायला भिंग लागतं. प्रत्येक सत्तेला एक रंग द्या. मग रंगावर लिहा की ती सत्ता नेमकी कोणत्या नात्याने राज्य करत होती. इजिप्त १९१४ पासून ब्रिटिशांचं संरक्षित राज्य. इराक, पॅलेस्टाईन, ट्रान्सजॉर्डन ब्रिटिश मॅन्डेट; सीरिया-लेबनॉन फ्रेंच मॅन्डेट. लिबियात इटली. मोरोक्को, ट्युनिशिया फ्रेंच संरक्षणाखाली, अल्जिरिया तर कागदोपत्री फ्रान्सचाच भाग. येमेन आणि सौदी मात्र स्वतंत्र. हे नातं लिहिणं टाळू नका, कारण विरोध कोणत्या वाटेने गेला ते पुष्कळदा त्यावरूनच उलगडतं. मॅन्डेट म्हणजे राष्ट्रसंघाच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या देशांच्या संघटनेच्या, नावाने "तुम्ही अजून तयार नाही, तोवर आम्ही सांभाळतो" असं सांगणं. त्यामुळे तिथे भांडण करारावर आणि तारखेवर होतं: कधी जाणार, ते लिहून द्या.

आता पहिल्या महायुद्धातले, १९१६ चे तीन महिने एका ओळीत मांडा. पुणेकरांना ते लक्षात राहायला हरकत नाही. २९ एप्रिलला मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत येथे तुर्कांपुढे शरण आली ती सहावी पूना डिव्हिजन. वेढा पाच महिन्यांच्या आसपास चालला होता आणि सुमारे १३,००० ब्रिटिश-हिंदी सैनिक कैद झाले. मे महिन्यात ब्रिटनचे साइक्स आणि फ्रान्सचे पिको यांचा गुप्त करार पक्का झाला: तुर्कांच्या ताब्यातले अरब प्रदेश ब्रिटन-फ्रान्सने वाटून घ्यायचे. आणि जूनमध्ये मक्केच्या शरीफ हुसेनने तुर्कांविरुद्ध बंड केलं ते इजिप्तमधला ब्रिटिश हाय कमिशनर मॅकमहन याच्या पत्रांतल्या स्वातंत्र्याच्या आश्वासनावर विसंबून. पुढच्या वर्षी, २ नोव्हेंबरला, बाल्फोर जाहीरनामा: पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारायला ब्रिटनचा पाठिंबा. तीन वचनं, जमीन मात्र एकच. युद्धानंतरचा राग इथून मोजायचा.

१९२० सावकाश वाचा. एप्रिलमध्ये सान रेमोला मॅन्डेट वाटले. २४ जुलैला मैसलूनच्या लढाईत फ्रेंचांनी शरीफ हुसेनचा मुलगा फैसल याचं दमास्कसमधलं राज्य मोडलं. त्याच उन्हाळ्यात इराकमध्ये शिया आणि सुन्नी एकत्र उठले. तो उठाव दडपायला कुमक गेली हिंदुस्थानातून. म्हणजे एका वसाहतीचे शिपाई दुसरी वसाहत राखायला. १९२१ च्या मार्चमध्ये चर्चिलने कैरोत परिषद घेतली आणि दमास्कसमधून हाकललेला तोच फैसल ऑगस्टमध्ये बगदादच्या गादीवर बसवला. इराक १९३२ मध्ये राष्ट्रसंघाचा सभासद झाला, पण ब्रिटिश हवाई तळ राहिलेच.

इजिप्तची नोंद वेगळ्या पानावर करा. ८ मार्च १९१९ ला स्वातंत्र्य मागणारा पुढारी साद झगलुल याला पकडून माल्टाला पाठवलं आणि देश पेटला. विद्यार्थी, रेल्वे कामगार, शेतकरी, बुरख्यातल्या बायकासुद्धा रस्त्यावर आल्या. आपल्याकडे जालियनवाला बाग पुढच्याच महिन्यात. या दोन तारखा शेजारी लिहा, तुलनेच्या प्रश्नाला उपयोगी पडतात. २८ फेब्रुवारी १९२२ ला ब्रिटनने इजिप्तला एकतर्फी स्वातंत्र्य दिलं, पण साम्राज्याची दळणवळणं, संरक्षण, परकीयांचे आणि अल्पसंख्याकांचे हितसंबंध व सुदान हातात ठेवून. एवढं काढून घेतल्यावर उरलं काय, हे परीक्षकाला तुम्ही सांगायचं.

आता सगळ्यात जास्त गुण जातात ती जागा. खिलाफत चळवळ आणि अरब राष्ट्रवाद एकाच दावणीला बांधू नका. आपल्या खिलाफतवाल्यांना अरबस्तान खलिफाच्याच, म्हणजे तुर्की सुलतानाच्या सत्तेखाली हवा होता. त्याच सुलतानाविरुद्ध शरीफ हुसेन लढला, म्हणून इथल्या मुसलमानांच्या लेखी तो फितूर ठरला. दोघंही ब्रिटिशांवर चिडलेले, पण मागण्या उलट्या. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली तेव्हा हुसेनने स्वतःला खलिफा जाहीर केलं. फारसं कोणी मानलं नाही, आणि त्याच वर्षी पुढे सौदी अरेबिया स्थापणाऱ्या इब्न सौदने मक्का घेतली.

"अरब" हा एकच कर्ता धरून वाक्य लिहिलं की मी लाल पेन काढते. झगलुलचा वफ्द पक्ष इजिप्तपुरतं बघत होता. साती अल-हुसरी मात्र इराकच्या शिक्षणखात्यात बसून भाषा आणि इतिहास यांवर उभं असलेलं एकच अरब राष्ट्र शाळांमधून शिकवत होता. सीरियात १९२५ चा उठाव सुरू झाला द्रूझ पंथीयांच्या डोंगराळ भागात, सुलतान अल-अत्रशच्या नेतृत्वाखाली, आणि दमास्कसपर्यंत पसरला; फ्रेंचांनी शहरावर तोफा डागल्या. फ्रेंचांनी प्रदेशाचे तुकडे पाडले होते, त्यामुळे तिथे एकीची मागणी हाच विरोध होता. लिबियात इटलीविरुद्ध लढणाऱ्या उमर मुख्तारला १९३१ मध्ये फाशी दिलं.

या विखुरलेल्यांना एका मुद्द्यावर आणलं पॅलेस्टाईनने. ब्रिटिश राजवट आणि ज्यूंचं वाढतं स्थलांतर यांविरुद्ध तिथल्या अरबांचा एप्रिल १९३६ पासून सहा महिने संप, मग १९३९ पर्यंत उठाव. मध्येच १९३७ मध्ये ब्रिटिशांच्या पील आयोगाची शिफारस: पॅलेस्टाईनची अरब आणि ज्यूंमध्ये फाळणी. त्याच वर्षी सप्टेंबरात सीरियातल्या ब्लूदान गावी वेगवेगळ्या अरब देशांतले प्रतिनिधी याच प्रश्नावर जमले.

२५० शब्दांत लिहायचं तर सगळं कोंबू नका. एक मॅन्डेट, एक इजिप्त आणि शेवटी पॅलेस्टाईन, एवढं पुरे. छोटा नकाशा काढा, हाताने काढलेला चालतो. सरावाला हा प्रश्न घ्या: "१९२२ चं इजिप्तचं आणि १९३२ चं इराकचं स्वातंत्र्य यांत फरक काय?" वेळ लावून लिहा आणि तपासायला घेऊन या, टाइप केलेलं मी तपासत नाही.