आठवड्याचा मेन्यू बुधवारीच का कोलमडतो? या चुका टाळा

रविवारी निवांत बसून तक्ता काढायचा, सात दिवस, दोन्ही वेळचं जेवण, रंगीत पेनं वगैरे, मग तो फ्रिजवर चिकटवायचा आणि बुधवारी रात्री साडेआठला त्याच तक्त्यासमोर उभं राहून म्हणायचं, आता करायचं काय! मी हे इतक्यांदा केलंय की मोजणं सोडून दिलं. गंमत म्हणजे तक्ता वाईट नसायचाच, फक्त तो अशा माणसासाठी असायचा जो रोज वेळेवर घरी येतो, कधी दमत नाही आणि आल्याआल्या आनंदाने कांदे चिरायला घेतो. असा माणूस आमच्या घरात नाही.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की आपण पदार्थ आधी ठरवतो आणि दिवस नंतर बघतो. उलटं करा. आधी कागदावर फक्त प्रत्येक संध्याकाळ कशी जाणार ते लिहा, कोण किती वाजता येणार, कुणाचा क्लास आहे, कुणाची मीटिंग लांबणारे, आणि प्रत्येक संध्याकाळपुढे किती मिनिटं हातात आहेत तो आकडा टाका. मंगळवारी 20 मिनिटं असतील तर तिथे 20 मिनिटांचंच काहीतरी येणार, तासभर शिजणारं नाही, मग ते कितीही आवडतं असो. पदार्थाला लागणारा वेळ मोजताना पण आपण स्वतःला फसवतो बरं का, रेसिपीत 30 मिनिटं लिहिलेली असतात त्यात भाजी धुणं, निवडणं, सोलणं आणि नंतरचा ओट्यावरचा पसारा धरलेला नसतो.

दुसरं, सातही चौकोन भरू नका. चार किंवा पाच रात्री ठरवा, एक रात्र उरलंसुरलं संपवायला ठेवा आणि एक सरळ मोकळी सोडा, कारण कुणीतरी जेवायला बोलावणारच, नाहीतर डोकं दुखणार. सगळे चौकोन भरले की एक दिवस घसरला तरी त्या दिवसाची भाजी पुढे ढकलली जाते, मग तिच्या पुढची, आणि शनिवारी फ्रिजच्या खालच्या खणात काय सापडतं ते तुम्हाला माहितीये. मी पूर्वी अन्न वाया जाण्याचं सगळं खापर हॉटेलांवर फोडायचो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो की 2022 मध्ये जगभरात साधारण 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं जवळपास 60 टक्के घरांमधून गेलं. म्हणजे त्या खालच्या खणातून!

आता त्या खणाबद्दलच जरा सविस्तर बोलतो कारण तक्ता खरा तिथे फसतो. आठवड्याची भाजी एकदम आणली की ती सगळी एकाच वेगाने म्हातारी होत नाही. पालेभाज्या, कोथिंबीर, मशरूम हे पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवायचं, मग फ्लॉवर, शेंगा, ढोबळी मिरची, आणि कोबी, गाजर, बीट, भोपळा हे निवांत शेवटी, ते वाट बघतात. तक्त्यात पालक शुक्रवारी आणि कोबी सोमवारी असेल तर फक्त दोघांची अदलाबदल करा, बाकी काहीही न बदलता निम्मा प्रॉब्लेम सुटतो.

ठेवायची जागाही चुकते. केळी, सफरचंद, पिकलेले टोमॅटो यातून इथिलीन वायू सुटतो आणि शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, तेव्हा त्यांना लांब ठेवा. कांदे-बटाटे एकाच टोपलीत नकोत, बटाट्याच्या ओलाव्याने कांदे खराब होतात. पालेभाजी ओली तशीच पिशवीत कोंबली की दुसऱ्या दिवशी चिकट, तेव्हा कोरडी करून कागदात किंवा कापडात गुंडाळा.

बरं, मग काही उत्साही लोक म्हणतात रविवारी सगळ्या आठवड्याचं शिजवूनच ठेवतो. थांबा. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये 3 ते 4 दिवस धरायचं, रविवारचं गुरुवारपर्यंत खेचलं ते खूप झालं, पुढचं हवं असेल तर त्याच दिवशी फ्रीजरमध्ये, डब्यावर नाव आणि तारीख घालून (नाव घालाच, गोठल्यावर सगळ्या रश्श्यांचा चेहरा एकच होतो). फ्रिज 4 अंशांवर किंवा खाली आणि फ्रीजर उणे 18 ला हवा. अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो, म्हणून पसरट लहान डब्यांत काढा. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपा, बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तग धरतात, भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. उरलेला भात लगेच आत आणि दुसऱ्या दिवशी संपवून मोकळं व्हायचं. मला विचाराल तर पूर्ण पदार्थ करून ठेवण्यापेक्षा अर्धी तयारी बरी, म्हणजे भाजलेला मसाला, उकडलेली कडधान्यं, सोललेला लसूण. चार दिवस तेच शिजवलेलं गरम करून खाताना गुरुवारी सगळे तोंड वाकडं करतात, हा स्वानुभव.

आणि "आज ठरलंय पण करता येत नाहीये" असं वारंवार होत असेल तर कारण बहुतेक आदल्या रात्रीत असतं. कडधान्य 8 तास भिजायला लागतं, गोठवलेलं चिकन फ्रिजमध्येच रात्रभर सुटायला लागतं, आणि तक्त्यात फक्त "राजमा" लिहिलंय, कधी भिजवायचा ते नाही. राजम्यात तर घाई नकोच, अर्धाकच्चा राहिला तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे पोट चांगलंच बिघडतं. प्रत्येक दिवसाखाली "आदल्या रात्री" अशी एक बारीक ओळ ठेवा आणि त्या वेळेचा मोबाईलवर अलार्म लावा, नुसतं लिहून कोण वाचतं.

यादी करताना घरात काय आहे ते न बघता निघालात तर तिसरं हळदीचं पाकीट घेऊन याल, यावर जास्त बोलत नाही.

घरच्यांना न विचारता प्लॅन केला तर मात्र बंड होतं. सगळ्यांच्या आवडी विचारत बसलात तरी काहीच ठरत नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येकाने आठवड्यातला एकच पदार्थ सांगायचा आणि एकच नकार द्यायचा, बाकी जे पानात येईल ते. मुलं यात वकिली करतात, पण चालतंय.

जुने तक्ते फेकू नका. जे खरंच शिजलं त्यावर टिक करा, जे नाही त्यावर काट मारून बाजूला कारण लिहा, उशीर झाला, भिजवलं नव्हतं, कंटाळा. चार आठवड्यांचे कागद शेजारी ठेवले तेव्हा मला दिसलं की माझ्याकडे बुधवार चारही वेळा काटलेला होता आणि चारही वेळा कारण एकच, कंटाळा. आता बुधवारी आमच्याकडे अंडी आणि ब्रेड असतात, आणि तक्त्यात तसंच लिहिलेलं असतं.