रेकॉर्ड रूमला जाण्याआधी: बापाचं नाव विचारलं का?

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या खोलीत, घराण्याच्या नोंदी शोधायला निघत असाल तर आधार कार्ड, त्याच्या झेरॉक्स, पेन, वही हे मी सांगायला नको. पण वहीच्या पहिल्या पानावर काहीही लिहिण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा आणि विचारा, पणजोबांच्या बापाचं नाव काय होतं. आडनाव नाही. बापाचं नाव.

मी ते विचारलं नव्हतं. आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, भिवापूर तालुक्यात. पणजोबा गणपत आणि आमचं आडनाव, एवढ्या भांडवलावर मी शोधत सुटलो. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, गणपत सापडला. गाव जुळलं, जात जुळली, वर्षही साधारण बसलं. नक्कल काढली, त्यावरून वंशावळ मांडली, फ्लेक्स छापून चुलतभावाच्या वास्तुपूजनाला भिंतीवर लावला. मोठी आत्या चष्मा पुसून बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "बाबू, हा आपला गणपत नाही. आपल्या गणपतचा बाप सखाराम. हा खालच्या वेटाळातला." नकलेवर ‘वल्द लक्ष्मण’ स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणजे लक्ष्मणचा मुलगा. मी ते वाचलं होतं, आणि सरळ लक्ष्मण नावाचा खापरपणजोबा वंशावळीत बसवला होता. आठ महिन्यांचं काम गेलं. त्याहून वाईट म्हणजे पंधरा घरांत मी ती वाटली होती, आणि सगळ्यांकडून ती परत आलेली नाही.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत आडनाव फार कमी वेळा येतं. ‘गणपत वल्द सखाराम, साकिन मौजा अमुक’ आणि जात, अशी ओळख असते. वल्द म्हणजे कोणाचा मुलगा, जौजे म्हणजे कोणाची बायको, बेवा म्हणजे विधवा, साकिन म्हणजे राहणार, मौजा म्हणजे गाव. एका गावात तीन गणपत सहज निघतात. त्यांना वेगळं करणारी गोष्ट एकच, वल्द. म्हणून पुन्हा सांगतो, आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, प्रत्येकाच्या नावापुढे वल्द लिहून न्या. भावांची नावं विशेष करून न्या, कारण जमिनीच्या कागदांत भाऊ बहुतेक एकत्र येतात आणि तिथेच खात्री पटते. आत्या, मावशी, मोठी आई यांना विचारा. पुरुषांना जमिनीचे भांडण आठवते, नाती बायकांना आठवतात.

दुसरी गोष्ट गावाची जुनी तहसील. आज नागपूर जिल्ह्यात 14 तालुके आहेत. शंभर वर्षांमागे नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल अशा मोजक्याच तहसिली होत्या. भिवापूरच्या गावाचं जुनं दप्तर उमरेडला, नरखेडचं काटोलला, पारशिवनीचं रामटेकला असू शकतं. जिल्हेही बदललेत. वर्धा 1862 साली नागपुरातून वेगळा झाला, गडचिरोली 1982 साली चंद्रपुरातून, गोंदिया 1999 साली भंडाऱ्यातून. मौजाचं नाव, पटवारी हलका (तलाठ्याच्या हद्दीचा) नंबर आणि माहीत असेल तर खसरा (शेताचा) नंबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. एकाच नावाची दोन गावं असतात, खुर्द आणि बुद्रुक वेगळे.

आता काय मागायचं. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यात गावातले जन्म आणि मृत्यू. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच, ‘गणपतला मुलगा’ इतकंच असतं. मग कोणता गणपत? वल्द बघा. वल्द लिहिलेलं नसेल तर ती नोंद पेन्सिलीनं उतरवा, शाईनं नाही, आणि दुसरा कागद जुळेपर्यंत वंशावळीत घेऊ नका. दुसरा कागद म्हणजे बंदोबस्ताची, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवल्याची मिसल (फाइल), जमिनीच्या हक्कांचा अधिकार अभिलेख, पिकांचं पाहणी पत्रक. आपल्याकडे इंग्रजी अमलातला बंदोबस्त 1860च्या दशकापासून झालेला आहे, आणि मालगुजारी 1951 साली जाईपर्यंत गावचे मालगुजार (गावचा सारा भरणारे जमीनदार) आणि कास्तकार (शेतकरी) या कागदांत येत राहिले. फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद, अजिबात सोडू नका. माणूस वारला की वारसांची नावं चढतात, कधी कधी लग्न होऊन गेलेल्या मुलींचीसुद्धा, आणि त्या मुली दुसऱ्या कागदांत क्वचितच भेटतात.

जनगणनेचे मूळ अर्ज मागायला जाऊ नका, 1948च्या कायद्यानं ते गोपनीय आहेत. पण 1951 साली जनगणनेवरून नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर तयार झालं होतं, ते काही ठिकाणी निघतं. त्याबद्दल जरूर विचारा.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर सोपं आहे, मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या. जन्मतारीख 1 जुलै दिसली तर तिच्यावर विसंबू नका, गुरुजींनी टाकलेली असते. 14 ऑक्टोबर 1956ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, त्यानंतर अनेक घरांच्या कागदांत जातीच्या जागी बौद्ध आलं. त्या घरच्यांनी आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्या माणसांच्या समजू नयेत. जोडणारा धागा इथेही बापाचं नावच आहे.

घर नागपूर शहरात, महाल-इतवारीत असेल तर सातबारा नाही, आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड लागते. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी जागा असेल तर तसं आधीच सांगा, नाहीतर दोन खिडक्यांमध्ये फिरत राहाल. वाटणीचा दावा झाला असेल तर कोर्टाच्या कागदात वंशवृक्ष जोडलेला असू शकतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या सचिवालयात पुराभिलेखागार आहे, तिथे भोसलेकाळापासूनचे सरकारी कागद. घराणं दरबारी किंवा नोकरीतलं असेल तरच तिकडे वेळ घाला. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा आधी शोधा. शक असेल तर 78 मिळवा, इसवी सन येतं.

ऑनलाइन सातबारा बघून घ्या, पण तो आजचा. जुने स्कॅन सरकारच्या महाभूमी साइटवर मिळाले तर उत्तमच, नाही मिळाले तर नोंदच नाही असं समजू नका. आडनाव टाकून शोधू नका, का ते वर सांगितलं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव सांगून शोधता येतं, आणि तिथे पिढ्या सलग मिळतात, बापाच्या नावासकट.

डिसेंबरात जाऊ नका, विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद आणि माणसं कामात. मे महिन्यात सकाळीच उरका. कोर्ट फी स्टॅम्प, सुटे पैसे, पाणी. नक्कल हातात आली की खिडकीवरच उघडा आणि वल्द वाचा. चुकीचा माणूस असेल तर तिथेच कळेल, आणि रजिस्टर अजून टेबलावर असेल. मग आत्याला फोन करा. आमची आत्या आता नव्वदीत आहे, संध्याकाळी पाचनंतर तिला नीट ऐकू येतं, मी तेव्हाच करतो.